पोट पाठीला

एकोणसत्तर सालचा ट्रक. रंग कधी काळी पिस्त्याचा असावा.
सीटच्या मागे, मणक्यापासून वीतभरावर,
पत्र्याची टाकी. वीस गॅलन.
वळलं की डुचमळते,
आपण थांबलो तरी लगेच थांबत नाही.
उपाशी माणसाचं पोट पाठीला लागतं म्हणतात,
याचं जन्मापासून पाठीला
आणि तुडुंब.

मला इंजिनातलं फार कळत नाही. मला धूळ कळते.
हचिन्सनच्या कोठारांमधून गव्हाची धूळ मोजत हिंडतो,
ठिणगी पडलीच तर कुठवर जाईल
ते लिहून देतो, खाली सही करतो
आणि संध्याकाळी पेट्रोलला पाठ टेकून
घरी येतो.

इतके दिवस चाललं.
आता शाल्मली चालवायला शिकते आहे.

व्हर्लिन डर्कसनला विचारलं. त्याच्याकडूनच घेतला होता.
तो गुडघे मोडून खाली वाकला, चासीवर बॅटरी मारली.
"इथं बसेल. मागच्या आसाच्या पलीकडे, बंपरच्या अलीकडे.
म्हणजे मागून कोणी ठोकलं तर पहिली गाठ हिच्याशी."
आणि आहे तिथेच ठेवली तर?
"तर शेवटची."
बॅटरी विझवली. हात पुसले. बराच वेळ पुसले.
"पण मग ती गाठ तुमच्या घरात पडणार."
याच सीटवर तीस वर्षं सिगारेट ओढली, हेही त्याने सांगितलं,
सल्ला म्हणून नव्हे,
कुणाची तरी ख्यालीखुशाली सांगावी तसं.

नवी टाकी, नळी, काट्याची वायर,
हौद्याच्या लाकडी फळीला भोक.
भोकाचंच अवघड जात होतं.
पन्नास वर्षांच्या फळीवर खडूने गोल काढला
तो वाऱ्याने पुसला,
पुन्हा काढला, तर व्हर्लिनच्या कुत्र्याने त्यावर अंग टाकलं.
मी जरा बरंच मानून घेतलं.

मग मेडोराच्या रस्त्यावर एकदा ती म्हणाली, "बाबा, गप्प."
रेडिओ बंद केला.
काटा कधीचाच मेलेला, कायम अर्ध्यावर.
थांब्याच्या पाटीपाशी तिने हलकेच ब्रेक दाबला,
मान किंचित मागे.
"पाव टाकी. पावाला थोडी कमी."
पंपावर पंधरा पूर्णांक चार गॅलन गेलं.
मी पावतीवर वजाबाकी करून पाहिली.

बावीस वर्षं मी यंत्रं लावून मोजतो आहे.
असं कान देऊन
काहीच मोजलेलं नाही.

त्याच रात्री टाकी मागवली.
तिला ऐकू येतं, खरं आहे,
पण ऐकू आल्याने
वीतभराची हातभर होत नाही.

व्हर्लिनने भोक पाडलं, मी भुसा झाडला.
जुनी टाकी दोघांनी धरून बाहेर काढली
तेव्हा तिच्या तळाशी ओंजळभर उरलं होतं,
ते शेवटपर्यंत बोलत होतं.

सीटमागे आता शाल्मलीची क्लॅरिनेटची पेटी असते, एक घोंगडी,
आणि अशी शांतता की पहिल्या वळणावर
दोघांचेही कान मागे गेले.
"आता कसं कळायचं?"
काट्याकडे बघ, मी म्हटलं. नवा आहे, हलतो.
ती बघते. आज्ञाधारकपणे.

कॅबच्या कोपऱ्यावरचं जुनं झाकण तसंच ठेवलंय.
परवा पंपावर, सवयीने, मी तेच उघडलं,
नळी हातात, नजर दुसरीकडे,
आणि दक्षिणेचा वारा त्या उघड्या तोंडावरून गेला तसा
आतून लांबलचक हुंकार आला.

शाल्मली आतच बसली होती, पुस्तकात डोकं.
मान वर न करता म्हणाली,
"रिकामी."